बसतं-उठतं घर विकणे आहे

खामगावातलं आमचं घर उन्हाळ्यात खाली बसायचं आणि पावसाळ्यात उठून उभं राहायचं.

लोकांची घरं बांधली त्या जागी गपगुमान असतात. आमचं काळ्या मातीवर होतं. वैशाखात माती तडकली की घर एका कोपऱ्यानं बूड टेकायचं आणि भिंतींना भेगा पडायच्या. आषाढात तीच माती पाणी पिऊन टम्म फुगली की घर अंग उचलायचं, भेगा मिटायच्या आणि दारं अडकायची. म्हणजे उन्हाळ्यात वारा वाटेल तिथून आत यायचा आणि पावसाळ्यात माणूस दारातूनसुद्धा बाहेर पडायचा नाही! हिवाळ्यात मात्र हे घर असं काही सोज्वळ चेहरा करून उभं राहायचं, की आपणच त्याच्याबद्दल नाही नाही ते बोललो, असं वाटून मला ओशाळायला व्हायचं.

हे घर आम्हाला विकायचंच होतं. हौस म्हणून नव्हे, शरदरावांच्या कंबरेसाठी. शरदराव म्हणजे माझे यजमान. ते तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब बघायचे. मालकानं कारभार मलकापूरला हलवला आणि शरदरावांची खुर्चीही सोबत नेली. शरदराव मात्र खामगावातच राहिले. मग रोज एस.टी.नं जायचं, एस.टी.नं यायचं. वर्षभरात त्यांच्या मणक्यांनी रस्त्यातला एकूण एक खड्डा पाठ केला. संध्याकाळी घरी आले की जमिनीवर उताणे पडायचे आणि तिथूनच चहा मागायचे. उताणं पडून चहा कसा प्यायचा, हा माझा प्रश्न! मी चमच्यानं पाजायचे. डॉक्टरांनी सांगून टाकलं, "एक तर प्रवास सोडा, नाहीतर कंबरेची आशा सोडा." मलकापुरात घर घ्यायचं तर खामगावातलं विकणं भाग होतं. आणि खामगावातलं घर कसं होतं, ते तुम्हाला सांगितलंच आहे.

ते घेतलं कसं, हे विचाराल. श्रावणात घेतलं! सगळ्या भेगा मिटलेल्या, भिंती गुळगुळीत, अंगणात गुलबक्षी फुललेली. विकणारे गृहस्थ सज्जन होते. त्यांनी काहीही लपवलं नाही. स्पष्ट सांगितलं, "ताई, मागचा कोपरा मागे थोडा खचला होता. खालून काँक्रीट भरून पायाचं काम करून घेतलंय."

"म्हणजे पाया दोनदा बांधलाय?" मी विचारलं.

"हं... तसंही म्हणता येईल," ते म्हणाले आणि माझ्याकडे जरा काळजीनं बघू लागले.

"अहो, ऐकलं का? दोनदा!"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! लोकांच्या घराला मेला एकच पाया. घरभरणीला आलेल्या एकूण एक बाईला मी हात धरून मागच्या कोपऱ्यात नेलं आणि जिथं दिसण्यासारखं काहीही नव्हतं, ती जमीन दाखवली. "इथं दुसरा पाया आहे!" बायकाही माना डोलवून "हो का, बाई!" म्हणाल्या. फक्त माझ्या सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "काऊन व, पयला धड असता त दुसरा काऊन बांधला असता?"

मी हसून सोडून दिलं. (सासूचं बोलणं हसून सोडून देण्यात माझं फार नुकसान झालेलं आहे, पण तो स्वतंत्र विषय आहे.)

पहिल्याच उन्हाळ्यात, भर दुपारी, भिंतीतून 'टक्क' असा आवाज आला. खिडकीच्या कोपऱ्यापासून एक भेग तिरकी निघाली होती. सासूबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सुनबाई, भिंतीतून उजेड येऊन राह्यला. खिडकी मोठी कराची होती त मिस्त्र्याले सांगाचं. घराले काऊन सांगतलं?"

मिस्त्री आला. रहीमचाचा. गल्लीतल्या सगळ्या घरांचा मिस्त्री तोच. त्यानं भिंतीवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "भाभी, मकान जिंदा है. साँस ले रहा है."

"चाचा, जरा कमी घ्यायला सांगता येईल का त्याला?"

चाचानं भेग बुजवली. पुढच्या उन्हाळ्यात ती शेजारून निघाली.

मग आम्ही विमा काढला. एजंट शरदरावांच्या ओळखीतला. त्यानं पेन उघडून विचारलं, "घर आधी कधी खचलं होतं का?" शरदराव छताकडे पाहू लागले. मी म्हटलं, "खचलं होतं ना! म्हणून तर दोन पाये आहेत!" एजंटानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मला वाटलं, आता काही विमा निघत नाही. पण निघाला! हप्ता थोडा चढा, पण जमीन खचली तर भरपाई, असं त्यात चक्क लिहिलेलं. मी शरदरावांना म्हटलं, "बघा, खरं बोलण्याचा फायदा." ते म्हणाले, "तुझ्या बोलण्याचा फायदा झाल्याची ही पयलीच वेळ हाय. लिहून ठेव."

आणि एका उन्हाळ्यात खरंच खचलं. स्वयंपाकघरामागचा सांडपाण्याचा पाइप फुटला, पाणी मुकाट्यानं जमिनीत मुरत राहिलं आणि एका सकाळी कोठीच्या खोलीचा तोच मागचा कोपरा असा काही बसला की तांदळाचा डबा आपण होऊन दाराशी आला. भिंतीला खिंडार! त्यात सासूबाईंचा अख्खा हात गेला. (त्यांनी तो घालून पाहिला म्हणून समजलं.) शरदराव मात्र आनंदानं उड्या मारायचे बाकी राहिले. लग्न झाल्यापासून भिंतीकडे पाहून हा माणूस पहिल्यांदा हसला. "आता कंपनी देते!" त्यांनी लगेच फोन केला. कंपनीनं सांगितलं, "नुकसान बघायला आमचा माणूस येईल. सोमवारी."

शनिवारी शरदराव कापसाच्या कामानं बाहेरगावी गेले. येताना साहेबांना स्टँडवरून सोबतच घेऊन येतो, म्हणाले.

आता तुम्हीच सांगा. घरी परका माणूस येणार. तोही साहेब. त्याच्यापुढं असलं खिंडार उघडं टाकायचं? आमच्याकडं दूरचा मामा येणार असला तरी ओटा सारवतात, जुने पडदे काढतात, शेजारणीकडून चांगल्या कपबशा आणतात. मी आणि सासूबाई, आयुष्यात आमचं एकाही बाबतीत पटलं नाही, पण या बाबतीत क्षणात पटलं.

"सायेब येऊन राह्यला, अन् त्याले हे भगदाड दाखवतं?" सासूबाई म्हणाल्या. "लोकं काय म्हणतीन?"

"तेच म्हणते मी!"

रहीमचाचाला बोलावलं. त्यानं विटा, सिमेंट घालून खिंडार बुजवलं, वर गिलावा केला, घासून गुळगुळीत केला. आम्ही दोघींनी नीळ घातलेला चुना मारला. फरशी धुतली. दारात रांगोळी. कोठीच्या दाराला तोरण. सोमवारी सकाळी ती खोली इतकी सुंदर दिसत होती की मला तिथं सत्यनारायण घालावासा वाटला. मी मोबाईलवर फोटो काढले. आधीचे नाही काढले. भेगेचे फोटो कोण काढतं?

शरदराव साहेबांना घेऊन आले. स्टँडपासून घरापर्यंत त्यांनी साहेबांना नुकसानीचं असं काही वर्णन केलं होतं, की साहेब उंबऱ्यातून आत येताना वर छताकडे बघत, मान आखडून आले. साहेब म्हणजे कोवळा पोरगाच होता. शरदरावांनी भूकंपातल्या घरमालकाचा चेहरा केला, कोठीचं दार ढकललं आणि म्हणाले, "हे बघा, साहेब!"

साहेबांनी बघितलं. शरदरावांनीही बघितलं.

"नुकसान कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

"इथं..." शरदरावांचा आवाज चिरकला. "इथं होतं."

"होतं म्हणजे?"

"परवापर्यंत होतं ना!" मी अभिमानानं पुढं झाले. "तुम्ही येणार म्हणून बुजवून घेतलं. बसा ना, कचोरी आणलीय." आणि साहेबांना तिथंच खुर्चीत बसवून हातात बशीही दिली.

शरदरावांनी माझ्याकडे जी नजर टाकली, तिच्याविरुद्ध कुठलीही कंपनी विमा देत नाही. त्या नजरेनं सासूबाईंच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. त्या तरातरा स्वयंपाकघरात गेल्या आणि पोळ्या उलटायचा सराटा घेऊन आल्या.

"थांबा सायेब, आत्ता उकरून देते तुमाले!"

आणि त्यांनी नव्या कोऱ्या भिंतीवर घाव घातला. ढलपा उडाला तो थेट साहेबांच्या बशीत.

"आजी, आजी!" साहेब कचोरीसकट उभे राहिले. "घरच्यांनी स्वतः पाडलेली भिंत पॉलिसीत बसत नाही!"

"मंग घरच्यायनं पाडली असं नका लिहू ना बाप्पा! कोनी इचारलं तुमाले?"

साहेब मुळात चांगला मुलगा. तो हसून हसून लाल झाला. म्हणाला, "काकू, मी नुकसान बघायला येतो. लोक मला नुकसान वाढवून दाखवतात. नुकसान लपवणारं घर मी पहिल्यांदाच बघतोय." पण त्याला तरी काय करता येणार होतं? समोर होतं ते त्यानं लिहिलं. भिंत सुस्थितीत, नुकताच रंग दिलेला. आमचा दावा नामंजूर झाला. कचोरी मात्र मंजूर झाली. जाताना दोन बांधून दिल्या.

शेवटी पदरमोड करून आम्ही तो पाइप बदलला आणि कोपऱ्याखाली पुन्हा काँक्रीट भरलं. म्हणजे घराला तीन पाये झाले. पण या वेळी मी कुणालाही मागे नेऊन दाखवले नाहीत. तो कोपरा मात्र त्यानंतर जागचा हलला नाही, हे सांगायलाच हवं. बाकीचं घर आपलं पहिल्यासारखं थोडं थोडं बसत-उठत राहिलं.

आणि मग ते मलकापूर आलं, ती कंबर आली, आणि घर विकायला काढलं.

पहिलं गिऱ्हाईक पावसाळ्यात आलं. मी खूश! भेगा मिटलेल्या होत्या. नवरा-बायको दोघं छत्री घेऊन दारात उभे, आणि आमचं पुढचं दार काही उघडेना. मी आतून ओढतेय, सासूबाई माझी कंबर धरून ओढतायत. शेवटी मी खिडकीतून तोंड काढलं आणि जमेल तितकं गोड हसले.

"या ना, या! जरासं बाहेरून ढकलता का?"

गृहस्थ बांधेसूद होते. त्यांनी खांदा लावला. दार उघडलं, बिजागरीसकट. गृहस्थ दारासोबत आत आले आणि थेट सासूबाईंच्या पायाशी आडवे झाले. सासूबाईंनी सवयीनं "सुखी राह्य, बाप्पा" असा आशीर्वाद दिला. मी म्हटलं, "चला, गृहप्रवेश तर झाला!" त्यांच्या बायकोला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. चहा न घेता गेले.

हिवाळ्यात घर शहाण्यासारखं वागत होतं, तेव्हा नेमकं काळं कुत्रं फिरकलं नाही. आणि पुन्हा उन्हाळा आला. शरदरावांची कंबर आता त्यांना बसून जेवूही देत नव्हती. एका संध्याकाळी आडवं पडल्या पडल्या ते म्हणाले, "अवं, नोकरीच सोडून देतो मी आता." गंमत करत असतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. या माणसाला आकड्यांशिवाय काही येत नाही आणि आकड्यांइतकं काही आवडतही नाही. नोकरी सुटली असती तर त्यांची कंबर वाचली असती आणि माणूस मोडला असता.

दुसऱ्याच दिवशी दलालाचा फोन. "वहिनी, उंद्रीचे एक शेतकरी हायेत. दोन्ही पोरी खामगावात कॉलेजले येऊन राह्यल्या. त्यायले घर लवकर पाह्यजे. उद्या घेऊन येतो."

उद्या! वैशाखात! मी धावत रहीमचाचाकडे गेले, तर चाचा भाचीच्या लग्नाला गेलेला. मग आम्ही घरातलं सामान हलवलं. एका भेगेपुढं कपाट. एकीवर कॅलेंडर. एकीपुढं शिलाई मशीन, त्यावर उशा, उशांवर पितळी समई. पण बैठकीतली मुख्य भेग जमिनीपासून गुडघ्यापर्यंत तिरकी चढलेली. तिथं कपाट मावेना, कॅलेंडर पुरेना. घरात तेवढ्या मापाची एकच वस्तू होती. माझ्या कैलासवासी सासऱ्यांचा मोठा फोटो!

मी भीत भीत सासूबाईंकडे पाहिलं. "आई, मामंजींना जरासं... खाली घेतलं तर?"

सासूबाईंनी फोटोकडे पाहिलं. मग भेगेकडे. मग आतल्या खोलीत कण्हणाऱ्या मुलाकडे.

"घे," त्या म्हणाल्या. "जलमभर काम सांगतलं त जागचे उठले नाहीत. आता बसल्या जागी कामी येतीन."

मामंजी गुडघ्याच्या उंचीवर आले. हार जमिनीला टेकायला लागला म्हणून त्याला एक वेढा जास्त दिला.

उंद्रीचे ते शेतकरी म्हणजे बळीरामभाऊ. पांढरी टोपी, रुंद खांदे, हळू बोलणं. सोबत त्यांची बायको रुख्माबाई. त्या बोलत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या, आणि त्यांची नजर जिथं जाईल तिथं मी आडवी उभी राहत होते. शरदराव पलंगावर पडूनच "या, या" म्हणाले. पाणी झालं. बळीरामभाऊंनी इकडं तिकडं पाहिलं आणि त्यांची नजर मामंजींवर स्थिरावली. ते ताडकन उठले.

"हे कोन, ताई?"

"माझे सासरे."

"हयात नाहीत?"

"नाही."

बळीरामभाऊंनी टोपी सारखी केली, फोटोपुढं गेले आणि नमस्कार करायला त्यांना चक्क उकिडवं बसावं लागलं. हात जोडून झाल्यावर त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर दुःख होतं हो, खरोखरचं दुःख!

"मोठ्या मानसाले असं पायाजवळ काऊन लावलं, ताई?"

झालं! आमच्याकडं गेलेल्या माणसाचा फोटो मान वर करून बघावा इतका उंच लावतात. केरसुणीच्या पातळीवर कुणी लावत नाही. मला घाम फुटला. पण मी शाळेपासून स्नेहसंमेलनात कामं केलेली बाई. मी डोळ्यांना पदर लावला.

"त्यांचीच तशी इच्छा होती, भाऊ. त्यांना जमिनीची फार ओढ होती..."

सासूबाईंना जोराचा ठसका लागला. मामंजी पोस्टात होते. त्यांनी जन्मात मातीत पाय घातला नव्हता. घातला तर तो धुवायला सासूबाईंना बोलवायचे.

पण बळीरामभाऊंचे डोळे भरून आले! "जमिनीची ओढ," ते म्हणाले. "आमचे बाबा बी असेच होते." मी मनात म्हटलं, सुटलो. तेवढ्यात ते पुढं म्हणाले, "तरी बी बराबर नाही दिसत. थांबा, वरच्या खिळ्याले लावून देतो."

"राहू द्या!" मी, सासूबाई आणि पलंगावरून शरदराव, असे तिघंही एकदम ओरडलो.

पण त्यांनी फोटो उचलला होता. दोन्ही हातांत, लेकरू उचलावं तसा. मागं ती भेग, काळी, लांबलचक. त्यातून एका पालीनं डोकं बाहेर काढलं, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि पुन्हा आत गेली.

मी शरदरावांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मलकापूर त्या पालीच्या मागोमाग भेगेत शिरताना मला स्पष्ट दिसलं.

बळीरामभाऊ मामंजींना मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. भेगेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, तुमी कदी बैल इकला का?"

"न... नाही."

"बैल घेताना आमी एकच इचारतो. खोड काय हाय? बिनखोडीचा बैल नसतेच. कोनी मारकुंडा असते, कोनी बसका. इकनाऱ्यानं खोड सांगतली त बैल आमचा, मंग तकरार नाही. लपवली अन् मंग दिसली, त बैल त्याच्या दारात वापस." त्यांनी फोटोवरची धूळ उपरण्यानं पुसली. "आता सांगा. या घराची खोड काय?"

मी तोंड उघडणार तोच सासूबाई पुढं सरसावल्या. त्या शेतकऱ्याच्या लेक. ही भाषा त्यांच्या माहेरची होती!

"बसकं हाय, बाप्पा!" त्या कडाडल्या. "उन्हाळ्यात बसते, पावसाळ्यात उठते. आषाढात पुढचं दार लावाचंच नाही, नुसतं टेकवाचं. न्हानीत जाताना कडी लावाची नाही, गानं म्हनाचं!"

आणि मग मलाही कंठ फुटला. मी कपाट ढकललं, कॅलेंडर काढलं, समई उचलली, उशा फेकल्या. "ही भेग बघा, दर वर्षी येते. ही तिची बहीण. हा कोपरा मागच्या मालकांच्या वेळी खचला, त्यांनी पाया भरला. पाइप फुटून पुन्हा खचला, आम्ही भरला. तेव्हापासून हलला नाही. पण पाइपवर लक्ष ठेवायचं. भिंतीला लागून झाड लावायचं नाही, पाणी जिरू द्यायचं नाही." बोलता बोलता मला इतका जोर चढला की मी त्यांना गच्चीवर नेऊन, ज्या भेगा अजून पडायच्या होत्या त्यांच्या जागाही दाखवल्या! नाटकात सुद्धा मला कुणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.

बळीरामभाऊ मागून फिरत होते. प्रत्येक दार उघडून लावून बघत होते. मागच्या कोपऱ्यात गेले आणि भिंतीला बैलाच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी थाप मारली. भिंत उभी राहिली. मी देवाचे आभार मानले.

"विमा निघते का याचा?" त्यांनी विचारलं.

"निघतो. सगळं खरं सांगून निघतो," मी म्हटलं. "फक्त साहेब बघायला येणार असतील तर घर झाडूसुद्धा नका!"

रुख्माबाई अजूनपर्यंत एक अक्षर बोललेल्या नव्हत्या. आता त्यांनी घसा साफ केला.

"खोडी समद्या समजल्या," त्या म्हणाल्या. "आता खोडीचे कमी किती कराल, ते सांगा."

आकड्यांचा विषय निघताच शरदराव पलंगावर ताठ उठून बसले! महिनाभरात असे बसले नव्हते. त्या दोघांची जी घासाघीस झाली, ती बघायला मी तिकीट काढून गेले असते. रुख्माबाई एकेक भेग बोटानं दाखवून किंमत उतरवत होत्या आणि शरदराव एकेक पाया मोजून ती चढवत होते. मध्येच बळीरामभाऊ म्हणाले, "पाव्हन्याले बरं नाही, जास्त ताणू नको व." त्यावर रुख्माबाई म्हणाल्या, "उठून बसले ना आता! आपला भाव ऐकूनच बरे झाले!" शेवटी दोघंही सारखेच नाराज झाले, तेव्हा सौदा ठरला.

फोटो बळीरामभाऊंनी स्वतःच्या हातानं वरच्या खिळ्याला लावला. "आमी येईस्तोवर तरी मानानं राहू द्या," म्हणाले. त्या पावसाळ्यात त्यांच्या मुली राहायला आल्या. पुढचं दार अडकलं की मला फोन करतात आणि मी मलकापुरातून सांगते, खाली डाव्या कोपऱ्यात लाथ मारायची.

हो, आम्ही आता मलकापुरात आहोत. मुरमाच्या जमिनीवर, बारीकशा पण जागच्या जागी राहणाऱ्या घरात. जिनिंग हाकेच्या अंतरावर आहे. शरदरावांची कंबर इतकी सुधारली की ते चालत जातात, चालत येतात. आणि दुपारच्या सुट्टीत पुन्हा चालत येतात. गरम भाकरी लागते. ती खाताना भाजीत काय कमी आहे, ते सांगतात. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत परत येतात आणि मी काय करते ते बघत मागं उभे राहतात. आत्ता हे लिहितानाही उभे आहेत. "अवं, पाल नव्हती ते, झुरळ होतं," म्हणतात. "अन् मी ओरडलो नव्हतो. नुसता खाकरलो होतो."

या माणसाला घरी आणायचं म्हणून मी अख्खं घर विकलं. आणि काल, भाजी आणायला म्हणून बाहेर पडले ती सरळ मलकापूरच्या स्टँडवर गेले आणि खिडकीतल्या माणसाला विचारून आले, दिवसभर माणूस बाहेर राहील अशी लांबच्या गावची एस.टी. कुठली!